मूळ ईसीयू रीमॅप करायचा की काढून दुसरा बसवायचा? दोन गाड्या, दोन उत्तरं

प्रश्न (सांगलीहून): सर, माझ्याकडे 2014 ची पोलो जीटी टीएसआय आहे, 78 हजार किलोमीटर झालेत. शिवाय वडिलांची 2001 ची एस्टीम एमपीएफआय दारात उभी आहे. तिला छोटा टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, लावून ऑटोक्रॉसच्या शर्यतीला न्यायचा विचार आहे. पोलोसाठी एकाने रीमॅप सुचवला, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्युटर (ईसीयू) तोच ठेवून आतले आकडे बदलायचे. दुसरा म्हणतो, रीमॅप म्हणजे मलमपट्टी, तो काढून सरळ स्टँडअलोन, म्हणजे बाहेरचा स्वतंत्र, ईसीयू टाक. एस्टीमसाठी मात्र तिसरा म्हणतो, मूळ ईसीयूच रीमॅप होईल, उगाच खर्चात पडू नकोस. कोणाचं ऐकू?

उत्तर:

पहिल्याचं ऐका. बाकी दोघांचे सल्लेही वाईट नाहीत, फक्त दोघांनी गाड्यांची अदलाबदल केलीय. स्टँडअलोन एस्टीमला लागणार आहे आणि रीमॅप पोलोला.

हे काम मी 19 वर्षं करतोय. सुरुवातीला मलाही वाटायचं की स्टँडअलोन म्हणजे थोरला भाऊ आणि रीमॅप म्हणजे धाकटा. खिशात पैसे असतील त्याने थोरला घ्यावा. त्या समजुतीपायी मी दोन-तीन गाड्यांचा बट्ट्याबोळही केलाय. आता कोणी गाडी घेऊन आलं की आधी एवढंच बघतो: इंजिनात जे घडणार आहे ते कंपनीच्या कंप्युटरला दिसेल का, आणि दिसलं तर त्याला ते आवरेल का? दोन्हीला 'हो' असेल तर डबा तसाच ठेवून आतले आकडे बदलायचे. एकालाही 'नाही' आलं की कितीही हुशार ट्यूनर आणा, त्या डब्यातून काम होत नाही.

पोलोपासून सुरू करू. 1.2 लिटरचं टीएसआय इंजिन, कंपनीचे आकडे ताकद 105 पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, 175 न्यूटन-मीटर, जोडीला स्वतः गिअर बदलणारा सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स. या गिअरबॉक्सचं आतलं नाव डीक्यू200, कोरड्या क्लचचा. तुमचा सगळा निर्णय खरं तर या गिअरबॉक्सपाशीच होतो.

या गाडीत पाय दाबला म्हणजे थ्रॉटल, हवेची झडप, थेट उघडत नाही. ईसीयू आधी तुमच्या पायाची मागणी टॉर्कमध्ये मोजतो: यांना आत्ता समजा 120 न्यूटन-मीटर हवेत. मग एसीचा कंप्रेसर किती खातोय ते त्यात धरतो, ईएसपी 'चाक घसरतंय, थांब' म्हणतंय का ते बघतो, गिअरबॉक्सचं काही मागणं आहे का ते बघतो, आणि शेवटी तेवढ्या टॉर्कला किती हवा लागेल, म्हणजे थ्रॉटल किती उघडायचा आणि टर्बोचा दाब किती ठेवायचा, ते ठरवतो. गिअर बदलायच्या वेळी डीएसजी त्याला सांगतो, 'क्षणभर टॉर्क उतरव.' ईसीयू ठिणगी मागे घेतो, म्हणजे जरा उशिरा पाडतो, टॉर्क उतरतो, गिअर बदलतो, ठिणगी परत जागेवर. तुम्हाला फक्त आरपीएमचा काटा हललेला दिसतो. आणि क्लच किती जोराने दाबून धरायचा, हे गिअरबॉक्स ईसीयूने कळवलेल्या टॉर्कच्या आकड्यावरून ठरवतो.

आता यात स्टँडअलोन टाका. इंजिन चालेल, कदाचित झकास चालेल. पण गिअरबॉक्स अनाथ होईल. त्याला टॉर्कचा आकडा कोणी सांगणार नाही, उतरव म्हटलं तर कोणी उतरवणार नाही. समोरच्या काट्यांच्या क्लस्टरवर चारही दिवे लागतील, इमोबिलायझर चावी ओळखायला नकार देईल, एसी चालू होताना इंजिनाला कळणार नाही. यातली एकेक गोष्ट पैसे आणि महिने घालून जमवता येते. परदेशात लोकांनी जमवलीही आहे, पण ती निव्वळ ट्रॅकच्या गाडीसाठी, जिथे एसी आणि क्लस्टर आधीच काढून टाकलेले असतात. रोज सांगलीहून मिरजेला जाणाऱ्या गाडीत हा उद्योग कोणी सांगत असेल तर त्याने स्वतः एक तरी डीएसजी गाडी स्टँडअलोनवर चालवलीय का, ते विचारा.

शिवाय मूळ डब्यात जे फुकट मिळतंय ते लोक विसरतात. थंडीत पहिल्या फटक्याला सुरू होणं, मे महिन्यात सिग्नलला उभं असताना आयडलिंग न ढळणं, एखादा सेन्सर मेला तरी लंगडत घरी पोचणं, घाट चढताना हवा विरळ झाली की सावरून घेणं. हे सगळं कंपनीच्या माणसांनी बर्फात आणि वाळवंटात गाड्या नेऊन बसवलेलं असतं. ईसीयूतल्या त्या फायलीत हजारो टेबलं, म्हणजे आकड्यांचे तक्ते, असतात. चांगला ट्यूनर त्यातल्या वीस-पंचवीसांना हात लावतो आणि उरलेल्यांच्या पाया पडतो.

आता याच गिअरबॉक्समुळे रीमॅपलाही लगाम बसतो. डीक्यू200 साठी कंपनीने सांगितलेली टॉर्कची मर्यादा 250 न्यूटन-मीटर आहे. मी या गाडीत 220-225 च्या पुढे जात नाही, ताकद 130 पीएसच्या घरात. रस्त्यावर एवढा फरक पुरेसा कळतो: कराडच्या पुढे हायवेला तिसऱ्या लेनमधून ट्रकची रांग ओलांडताना आधी गिअर खाली यायची वाट बघायचात, आता तशीच ओढून नेते. याहून जास्तीचं आश्वासन देणारा माणूस क्लचप्लेटच्या पैशांबद्दल काय म्हणतो, ते आधी ऐका.

एक लबाडी इथे सांगून ठेवतो, कारण ती चेक लाइट न लावता होते. टॉर्कच्या मर्यादा आड यायला लागल्या की काही जण टॉर्क मोजण्याचं टेबलच खोटं करतात. इंजिन देतंय 225, ईसीयू गिअरबॉक्सला सांगतोय 175. बिचारा गिअरबॉक्स 175 च्या हिशोबाने क्लच धरतो. काही महिने मजा येते, मग दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी थरथरायला लागते, आणि शोरूममध्ये क्लचचा अख्खा संच बदलायला सांगतात. गिऱ्हाईक म्हणतं, डीएसजीच वाईट. डीएसजीचा यात काही दोष नसतो.

फायलीच्या आधी लॉग, म्हणजे गाडी पळताना ईसीयूतल्या आकड्यांची नोंद. ही माझी सवय आहे आणि तुम्हीही ट्यूनरकडे ती मागा. मागच्या मे महिन्यात अशीच एक पोलो आली, दुसरीकडे रीमॅप झालेली. तक्रार काय, तर 'सकाळी पळते, दुपारी झोपते.' डायनोवर, म्हणजे रोलरवर गाडी पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, चढवली, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय देऊन लॉग घेतला. 4200 आरपीएमला आत जाणाऱ्या हवेचं तापमान 58 अंश, आणि इंजिनातला ठोका ऐकणाऱ्या नॉक सेन्सरचं ऐकून ईसीयू दुसऱ्या सिलिंडरची ठिणगी सहा अंश मागे घेतोय, तिसऱ्याची पाच. म्हणजे फाईल लिहिणाऱ्याने कागदावर ताकद दिली आणि मूळ ईसीयू बिचारा जीव वाचवायला ती परत काढून घेत होता. ती फाईल कुठल्या तरी थंड देशातल्या गाडीसाठी, तिकडच्या पेट्रोलवर बनवलेली असणार. ईमेलने आली, जशीच्या तशी चढवली. मी ठिणगी तीन अंश मागे घेतली, टर्बोचा दाब दशांश बार उतरवला. त्याच दुपारी त्याच डायनोवर सात पीएस वाढले. कमी मागितलं म्हणून जास्त मिळालं. मालकाला हे समजावता समजावता माझा चहा गार झाला.

तुमच्या लॉगमध्ये मी आणखी काय बघेन? दोन्ही फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात स्वतः केलेली कमी-जास्त), रेल प्रेशर (पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरमागचा दाब) मागितलेलं आणि मिळालेलं, टर्बोचा दाब मागितलेला आणि मिळालेला, मिसफायरचे आकडे. हे थेट इंजेक्शनचं इंजिन आहे, पेट्रोल व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बन साचतो. 78 हजारांवर एकदा कॅमेरा घालून बघावंच. प्लग आणि कॉइलची हालत पाहिल्याशिवाय रीमॅप करणं म्हणजे ताप असलेल्या माणसाला पळायला लावणं.

पेट्रोलचा मुद्दा जरा नीट समजून घ्या, तो दोन्ही गाड्यांना लागू आहे. शुद्ध पेट्रोल पुरतं जळायला त्याच्या वजनाच्या 14.7 पट हवा लागते. आता पंपावर मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण 13.5 पट. म्हणजे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त द्यावं लागतं. पोलोचा मूळ ईसीयू धुरातला ऑक्सिजन बघणाऱ्या लॅम्डा सेन्सरकडे बघून हे स्वतः शिकतो आणि ट्रिममध्ये साठवतो. रीमॅपमध्ये ही शिकण्याची जागा खाऊन टाकायची नसते. आणि मॅप, म्हणजे हे आकड्यांचे तक्ते, कुठल्या पेट्रोलसाठी करून घ्यायचा, हे ठरवताना स्वतःशी प्रामाणिक राहा. पुण्यात एक्सपी100, म्हणजे 100 ऑक्टेनचं महागडं पेट्रोल, मिळतं म्हणून त्यावर मॅप करून न्याल, पण रात्री अकरा वाजता जतच्या पंपावर ते मिळायचं नाही. मी बाहेरगावच्या गाड्यांना कायम साध्या पेट्रोलचा मॅप देतो. चार पीएस कमी, झोप शांत.

प्रत्यक्ष फाईल वाचणं-लिहिणं हा भाग त्या मानाने सोपा. गाडीच्या तपासणीच्या ओबीडी सॉकेटमधून किंवा ईसीयू काढून टेबलावर, दोन्ही चालतं. लिहिताना बॅटरीला पक्का चार्जर लावलेला हवा, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर डबा वीट होऊन बसतो. तुमच्या गाडीतून वाचलेली मूळ फाईल पेनड्राइव्हवर मागून घ्या. जो देत नाही त्याने ती वाचलेलीच नसते. पुढे कधी शोरूममध्ये सॉफ्टवेअर अपडेट मारला तर रीमॅप पुसला जातो, तेव्हा सर्व्हिसिंगला देताना आधी सांगा.

टर्बो डिझेलवाले एक तिसरा रस्ता विचारतात, वायरमध्ये जोडायचा ट्यूनिंग बॉक्स. स्वस्तातला बॉक्स रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल खोटा करून ईसीयूला दाब कमी दाखवतो, ईसीयू घाबरून दाब वाढवतो, पंप आणि इंजेक्टर ते सोसत बसतात. तुम्हाला तो लागू नाही, म्हणून इथेच सोडतो. धूर स्वच्छ ठेवणारे डीपीएफ किंवा ईजीआर बंद करून द्या म्हणून रोज दोन फोन येतात, त्यांनाही 'नाही' एवढंच सांगतो.

आता एस्टीम. इथे माझा आवाज बदलेल, कारण ही खरी मजेची गाडी आहे.

एस्टीमच्या ईसीयूला आत किती हवा जातेय हे मॅप सेन्सरवरून कळतं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून (आकड्यांचा मॅप वेगळा). तो सेन्सर बिनटर्बोच्या इंजिनासाठीचा. बाहेरच्या हवेच्या दाबापर्यंत, म्हणजे 100 किलोपास्कलच्या आसपास, त्याची नजर पोचते, त्यापुढे आंधळा. टर्बो लावून तुम्ही मॅनिफोल्डमध्ये 150 किलोपास्कल भरले तरी ईसीयू म्हणणार, 'पाय पूर्ण दाबलाय, 100 आहे,' आणि पेट्रोल त्याच हिशोबाने देणार. दीडपट हवा, पेट्रोल तेवढंच. पिस्टनचं काय होतं ते मी ट्रेमध्ये जपून ठेवलंय, याल तेव्हा दाखवतो. आतली टेबलंही तिथेच संपतात, शेवटच्या रकान्याच्या पुढे लिहायला जागाच नसते. ऑक्सिजन सेन्सर जुन्या पद्धतीचा, मिश्रण पेट्रोलकडे झुकलंय की हवेकडे एवढंच सांगतो, किती ते सांगत नाही. तेव्हा तुमचा तिसरा मित्र जो रीमॅप म्हणतोय तो नेमका काय बदलणार, ते मला कळलेलं नाही. आमचे जुने मेस्त्री अशा वेळी पेट्रोलचा दाब टर्बोच्या दाबाबरोबर वाढवणारा रेग्युलेटर लावायचे आणि डिस्ट्रिब्युटर हाताने फिरवून ठिणगी मागे घ्यायचे. चालायचं. चालायचं तोवर चालायचं.

उलट स्टँडअलोनने जे तुटतं ते या गाडीत मुळात नाहीच. गिअरबॉक्स हाताचा, थ्रॉटलला केबल, क्लस्टरला ईसीयूशी फारसं बोलायचं नसतं. एसीसाठी एक रिले आणि एक वायर. म्हणजे गमावण्यासारखं थोडं आणि मिळण्यासारखं भरपूर.

कुठला डबा? मेलबर्नच्या मोटेकपासून न्यूझीलंडच्या लिंकपर्यंत आणि हालटेकपासून मेगास्क्वर्टपर्यंत दुकान मोठं आहे. स्पीडुइनो नावाचा एक प्रकल्प आहे, ऑस्ट्रेलियात सुरू झालेला, आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा. त्याचे आराखडे आणि सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुले आहेत. चार सिलिंडर आणि केबलचा थ्रॉटल असलेल्या एस्टीमला तो पुरे होतो. त्यावर बहुतेक वेळा 250 किलोपास्कलपर्यंत बघणारा मॅप सेन्सर बसवलेला असतो, म्हणजे तुमची नजरेची अडचण मिटली. तरी माझा सल्ला असा की डबा निवडण्याआधी ट्यून करणारा माणूस निवडा आणि त्याच्या हातातला जो डबा असेल तोच घ्या. तीन लाखांचा डबा आणि तो पहिल्यांदाच उघडणारा माणूस, या जोडीपेक्षा तीस हजारांचा डबा आणि त्यावर वीस गाड्या केलेला माणूस केव्हाही परवडला.

इंजेक्टरचा हिशोब आधी करा, कारण लोक टर्बो आधी आणतात आणि इंजेक्टर राहून जातात. तुम्हाला 130 पीएस हवेत असं धरू. टर्बो इंजिन, इंजेक्टर 80 टक्क्यांपर्यंतच चालवायचा, आणि इथेनॉलसाठी जास्तीचं पेट्रोल, एवढं धरलं की प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला साधारण 280 सीसीचा लागतो. 330 च्या आसपासचे घ्या. खूप मोठे घेतले तर आयडलिंगला इतका थोडा वेळ उघडावे लागतात की गाडी अडखळते. विकणाऱ्याकडून इंजेक्टरचा डेड टाइम, म्हणजे वीज मिळाल्यापासून उघडेपर्यंतचा वेळ, वेगवेगळ्या व्होल्टेजला किती, तो तक्ता मागा. तक्ता नाही म्हणाला तर इंजेक्टरही घेऊ नका.

आणि वायरिंग. स्टँडअलोनच्या दहा बिघाडांतले आठ वायरिंगचे असतात आणि आठही वेळा दोष मॅपला दिला जातो. माझंच सांगतो. एका झेनमध्ये अर्थिंगची वायर बॉडीला बोल्ट केली, खालचा रंग खरवडायचा राहिला. आयडलिंगला सगळं छान. 4500 च्या पुढे गेलं की इंजिन एकदम बंद, लगेच चालू, पाठीत धपाटा बसल्यासारखं. दोन दिवस मी ठिणगीच्या टेबलात डोकं घालून बसलो. तिसऱ्या दिवशी आमचा इलेक्ट्रिशियन आला, काही न बोलता बोल्ट काढला, पॉलिश पेपर मारला, घट्ट केला आणि चहाला गेला. तेव्हापासून ईसीयूच्या अर्थिंगच्या वायरी मी थेट इंजिन ब्लॉकला, सगळ्या एकाच बोल्टवर घेतो. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, कुठे आहे ते सांगणाऱ्या सेन्सरची वायर जाळीची, जाळी एकाच टोकाला अर्थ केलेली, आणि प्लगच्या वायरींपासून हातभर लांब. कपलर नवे घ्या, 24 वर्षांच्या कपलरमध्ये नव्या पिना खोचू नका. क्रँकच्या पुलीवर 36 उणे 1 दात्यांचं चक्र बसवून घ्या. पस्तीस दाते आणि एक मोकळी जागा, त्या मोकळ्या जागेवरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. मग टायमिंग गन लावून, स्क्रीनवर दिसणारे दहा अंश पुलीवरही दहाच आहेत का ते डोळ्यांनी बघायचं. हे न करता पूर्ण ताकदीची फेरी मारणारा ट्यूनर दिसला तर चावी काढून घ्या.

मिश्रण नेमकं किती ते सांगणारा वाइडबँड लॅम्डा सेन्सर ही चैन समजू नका, त्याच्याशिवाय सुरूच करू नका. पंपावर इथेनॉलचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं तरी हा डबा पोलोसारखा आपोआप सांभाळणार नाही. तुम्ही सांगाल तेवढाच सांभाळेल. तेलाचा दाब पडला किंवा टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा चढला तर पेट्रोल तोडायची सोयही त्याच दिवशी लावून घ्या.

आता माझी फजिती, कारण तुम्ही सांगलीचे आहात आणि ती तुमच्याच वाटेवरची आहे. कोल्हापूरकडच्या एका गाडीला चार स्वतंत्र थ्रॉटल होते. अशा इंजिनात मॅनिफोल्डचा दाब स्थिर मिळत नाही म्हणून मी मॅप थ्रॉटलच्या उघडण्यावर आणि आरपीएमवर बसवला, दाब बघितलाच नाही. पुण्यात डायनोवर मिश्रण अगदी हवं तसं, पूर्ण पायाला पेट्रोलच्या 12.8 पट हवा. महिन्याभराने मालकाचा फोन, रत्नागिरीला जाताना हातखंब्याच्या पुढच्या चढाला इंजिन टकटक करतंय. खरं कारण मागे आंबा घाट उतरण्यात होतं. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरवर, इथे हवेचा दाब साधारण 95 किलोपास्कल. कोकणात उतरलात की 101. हवा सहा-सात टक्क्यांनी दाट झाली आणि माझा मॅप पुण्याच्याच हवेचं पेट्रोल देत बसला. 12.8 चं 13.7 झालं, ठोका पडायला लागला. बाहेरच्या दाबाची दुरुस्ती करायचा पर्याय सॉफ्टवेअरमध्ये होता, मी टिक करायला विसरलो होतो. फोनवरून त्याला पाय हलका ठेवून परत यायला सांगितलं. पोलोच्या मूळ ईसीयूत हा विसर पडणं शक्य नाही, तिथे कोणीतरी ते आधीच करून ठेवलंय. स्टँडअलोनमध्ये ते 'कोणीतरी' म्हणजे तुम्ही किंवा मी. तुमच्या एस्टीमला एकच थ्रॉटल आहे आणि मॅप दाबावर बसेल, त्यामुळे ही अडचण बरीचशी टळते. तरीही मी बाहेरच्या दाबाचा वेगळा सेन्सर लावेन. एकदा पोळलोय.

खर्च. पोलोच्या रीमॅपला, लॉग आणि डायनोसकट, पुण्यात 30 ते 45 हजार. एस्टीमला टर्बो आणि त्याचं पाइपिंग सोडून, डबा, इंजेक्टर, वाइडबँड, सेन्सर, वायरिंग आणि ट्यूनिंग धरून दीड लाख बाजूला ठेवा. यातला डब्याचा खर्च हा छोटासा भाग असेल, हे बघून बहुतेकांना धक्का बसतो.

कायद्याचंही दोन वाक्यांत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परवानगीशिवाय बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. टर्बो लावलेली एस्टीम ऑटोक्रॉसला ट्रेलरवरून न्या, 'कधीमधी रस्त्यावर' हा विचार सोडा. पोलोच्या विमा कंपनीलाही बदल कळवा.

आता क्रम सांगतो. पोलो आणताना तुमच्या नेहमीच्या पंपावरचं पेट्रोल अर्धी टाकी भरून आणा, पुण्यात येऊन भरू नका. सकाळी नऊला या, संध्याकाळपर्यंत मोकळी होईल.

एस्टीमचं मात्र तसं नाही. ताकदीचा मॅप डायनोवर एका दिवसात होतो, थंड इंजिन सुरू होण्याचा होत नाही. इंजिन एकदा तापलं की पूर्ण थंड व्हायला रात्र जाते, म्हणजे मला दिवसाला एकच प्रयत्न मिळतो. सकाळी साडेसहाला येतो, चावी फिरवतो, चार सेकंद किंवा चाळीस सेकंद काय ते बघतो, तीन आकडे बदलतो आणि उद्याची वाट बघतो. गाडी डिसेंबरमध्ये आणा, पुण्यात पहाटे दहा-बारा अंश असतात तेव्हा, आणि किमान आठ रात्री माझ्याकडे राहू द्या. तुमचे मित्र गाडी बघायला आले तर येऊ देत, पण संध्याकाळी 'जरा स्टार्ट मारून बघू' म्हणायचं नाही. माझी दुसऱ्या दिवशीची सकाळ वाया जाते.